जुनं बीड भंगारात घालू नका

ज्यांच्या गॅरेजात एखादी जुनी एमजीबी उभी आहे, किंवा जे ती घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना एक विनंती करायची आहे. एमजीबी म्हणजे इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी. हल्ली पुण्यात एमजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेक्टर येते, ती ही नव्हे. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे ही काही राजवाड्यातली गाडी नाही. नोकरदार माणसाला परवडते आणि हाताने दुरुस्त करता येते, हेच तिचं मोठेपण.

विनंती अशी, की तिचं बिडाचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवून त्या जागी चकचकीत नळ्यांचं हेडर चढवायची हुक्की आली तर आठ दिवस दम धरा. आणि त्यानंतरही चढवलंतच, तर जुनं भंगारात घालू नका.

मी दोन्ही गोष्टी केल्या आहेत. दम धरला नाही, आणि जुनं भंगारात घातलं.

मी भोसरीच्या टूलरूममध्ये काम शिकलो. पुढे नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीला आलो आणि इथलाच झालो. इथल्या पावसाळी शनिवार-रविवारी करायला काहीतरी हवं म्हणून १९७१ ची एमजीबी घेतली. गाडी सकाळी सुरू केली की बॉनेटखालून ‘टिक टिक टिक’ असा आवाज यायचा, पाच मिनिटांत जायचा. मी मनाशी ठरवून टाकलं की मॅनिफोल्ड गेलं. एका दुकानातून स्टेनलेसचं हेडर मागवलं. खोक्यातून काढलं तेव्हा बायको म्हणाली, “दिवाणखान्यात ठेवण्यासारखं आहे.” खरोखरच तसं होतं. बसवलं, आणि पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी लक्षात आल्या. टिकटिक होती तशीच होती. गाडी कमी वेगात अडखळायला लागली. आणि कॉलनीतल्या रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर खालून ‘खर्र’ असा आवाज येऊन माझ्या काळजात धस्स व्हायला लागलं, कारण नळ्या जिथे एकत्र येतात तो गठ्ठा जुन्या पाइपापेक्षा खाली लोंबत होता.

टिकटिक कशाची होती ते सांगतो. एक नट सैल होता, आणि हेडर चढवतानाही तो सैलच राहिला. पाना लावला असता तर दहा मिनिटांचं काम. पण तोवर जुनं बीड वजनावर विकून बसलो होतो.

आता हे बीड काय चीज आहे ते समजून घ्या, म्हणजे माझा मुद्दा नुसता म्हाताऱ्याचा हट्ट वाटणार नाही. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. पण हेडला जळालेला वायू बाहेर सोडणारी तोंडं चार नाहीत, तीनच आहेत. एक नंबरच्या सिलिंडरला स्वतंत्र, चार नंबरला स्वतंत्र, आणि मधल्या दोन-तीनला मिळून एक. चाळीत दोन बिऱ्हाडांना एकच दार असावं तसं. पण भांडण होत नाही, कारण दोघांच्या पाळ्या वेगळ्या. इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे. तीन नंबर बाहेर पडून गेला की क्रँकचा पुरा एक फेरा होतो, मग दोन नंबर निघतो. एक आणि चार यांच्यातही तेवढंच अंतर. इंजिन घडवणाऱ्यांनी मॅनिफोल्डही त्याच हिशेबाने ओतलं: बाहेरच्या दोघांची वाट एक, मधल्या जोडीची दुसरी. खाली दोन पाइप निघतात आणि बरंच अंतर गेल्यावर एक होतात.

म्हणजे दुकानदार हेडरच्या जाहिरातीत जी करामत सांगतो, तिचा बराचसा भाग या ओबडधोबड दिसणाऱ्या ओतकामात आधीच आहे. सगळ्याच जुन्या गाड्यांबद्दल असं म्हणता येणार नाही. काहींची मॅनिफोल्डं खरोखरच लोट्याला तोटी लावल्यासारखी असतात, आणि तिथे हेडरने फरक पडतो. एमजीबीचं तसं नाही. साध्या, न छेडलेल्या, ९५ अश्वशक्तीच्या इंजिनावर हेडर लावून रस्त्यावर जाणवेल अशी ताकद वाढत नाही, हे ही इंजिनं आयुष्यभर बांधणारी माणसंही सांगतात. कॅमशाफ्ट बदललाय, हेडचे पोर्ट मोठे केलेत, कार्ब्युरेटर वेगळे आहेत आणि गाडी ट्रॅकवर पळवायची आहे, तर गोष्ट निराळी. रविवारी बायकोला घेऊन चहा प्यायला जायचं असेल तर खर्चाच्या मानाने हाती फक्त आवाज येतो. तोही गोड नव्हे. जाड बीड आवाज गिळतं. पातळ नळी पत्र्यासारखी वाजते.

तेव्हा आठ दिवस थांबा म्हणतो ते यासाठी, की आधी आजार कळू दे.

सकाळी इंजिन गार असताना सुरू करा. टिकटिक ऐकू येते आणि गरम झाल्यावर जाते? मग धातू फुगून फट बुजते आहे, म्हणजे गळती आहे. एक हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवा. गळतीवर आलं की कानात कोणी फुंकर मारल्यासारखं वाटेल. (नळी पंख्यापासून लांब ठेवा. ही सूचना अनुभवाची आहे.) इंजिन बंद करून टॉर्चने बघा, जिथून वायू निसटतो तिथे काजळीची बोटभर काळी रेघ उमटलेली असते. रेघ हेडच्या बाजूला असेल तर दोष पॅकिंगचा किंवा नटांचा. खाली पाइपाच्या जोडावर असेल तर तिथल्या पितळी नटांचा. रेघ ओतकामाच्या मध्यावरूनच निघाली असेल, तरच तडा.

तड्याची शंका असेल तर मॅनिफोल्ड उतरवून घासून पुसून कोरडं करा. शंकेच्या जागी रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून पांढरा खडू फासा. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते, केसाएवढी. भोसरीत आम्ही महागड्या ओतकामांचीही पहिली परीक्षा अशीच घ्यायचो. आणि त्याहून सोपी परीक्षा तुमच्या आजीला माहीत होती. मॅनिफोल्ड दोरीला टांगा आणि छोट्या हातोडीने टिचकी मारा. बाजारात माठ वाजवून घेतात तसंच. खणखणीत वाजलं तर धडधाकट. बद्द वाजलं तर कुठेतरी फुटलं आहे.

तडा निघाला तरी लगेच नवं घ्यायला धावू नका. बिडाला वेल्डिंग होतं, फक्त ते येणाऱ्या माणसाकडून करून घ्या. तो आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडील, म्हणजे तडा पुढे पळणार नाही. मग सबंध तुकडा तापवील, निकेलच्या रॉडने थोडं थोडं भरील आणि शेवटी चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर गार होऊ देईल. जो थंड बिडावर साधा रॉड लावून पंधरा मिनिटांत तुकडा हातात देतो, त्याला पैसे देऊ नका. त्या जोडाशेजारी दुसरा तडा येणार.

गळती छोटी आहे म्हणून तशीच चालवू मात्र नका. बॉनेटखाली निसटणारा कार्बन मोनॉक्साइड फायरवॉलच्या भोकांतून आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, मळमळलं, तर काचा उघडा आणि गाडी बाजूला घ्या. बंद गॅरेजात इंजिन चालवून गळती शोधणारे शूर लोक मी पाहिले आहेत. तेवढं करू नका.

ज्यांना बदलण्यावाचून गत्यंतरच नाही अशीही एक जात आहे. १९७५ पासून अमेरिकेसाठी ज्या एमजीबी बनल्या, त्यांत दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आला, आणि इनटेक व एक्झॉस्ट दोन्ही मिळून एकच ओतकाम. हे जोडकाम तडकण्याबद्दल बदनाम आहे. माझा भाचा सॅन होजेला असतो, त्याच्याकडे १९७८ ची आहे. त्याचा फोन आला.

“मामा, रॉकेल-खडू केलं. रेघ आली.”

“मग बदल.”

“तूच तर बदलू नको म्हणतोस ना सगळ्यांना!”

“अरे, तुटलेलं बदलू नको असं कधी म्हणालो?”

त्याच्या मनात जुन्या धाटणीचं बिडाचं मॅनिफोल्ड आणि दोन एसयू बसवायचं होतं. इंग्लंडात असता तर मीच पाठ थोपटली असती, कारण या गाडीला तेच शोभतं. पण कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांनाच स्मॉग तपासणी माफ आहे. १९७८ ची गाडी तपासणीला जाते, आणि तिथला माणूस बॉनेट उघडून कारखान्यातली सामग्री जागेवर आहे का ते बघतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकणं तर अमेरिकेत कुठेच कायद्यात बसत नाही. भाच्याने हळहळत तसलंच जोडकाम दुसऱ्या गाडीचं मिळवलं, वाजवून घेतलं आणि बसवलं.

भारतात ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनीही कागद आधी वाचावेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात असावी, इंजिन-बॉडी-चासीत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. हेडर हा ‘मोठा’ फेरफार की ‘छोटा’, यावर आरटीओच्या खिडकीशी वाद घालत बसण्यापेक्षा मूळ बीड जागेवर असलेलं बरं.

आता उतरवायचंच ठरलं, तर घाई कुठे करू नये ते सांगतो. हेडमधले सहा स्टड पन्नास वर्षं भाजून निघालेले असतात. पहिल्या दिवशी फक्त गंज सोडवणारं तेल मारा आणि घरात जाऊन झोपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पाना लावा, पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, पुन्हा सोडा. नट रडत असेल, म्हणजे कुई कुई करत असेल, तर थांबा. नट तापवून त्याच्या बुडाला मेणबत्ती टेकवा. मेण पाघळून आट्यांत शिरतं. हे ऐकून लोक हसतात, पण एकदा करून बघितलेले हसत नाहीत. मात्र ज्योत लावायची तर कार्ब्युरेटर आधी उतरवलेले हवेत, आणि जवळपास पेट्रोलचा थेंब नको. जोर लावून स्टड हेडमध्ये तुटला, तर एका दुपारचं काम दोन आठवड्यांवर जातं: सेंटर पंच, ड्रिल, नवे आटे पाडणं, आणि जरा तिरकं गेलं तर हेडच उतरवणं.

उतरल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवा आणि खालून फीलर गेज सरकवून बघा. जुनं बीड बऱ्याचदा केळ्यासारखं वाकलेलं असतं. मशीन शॉपमध्ये तोंडावरून हलकासा हात फिरवून घेतला की झालं. मी हेडर घेतलं त्याच्या पंचमांश पैशांत हे काम झालं असतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हेडर लावल्यावर माझी गाडी अडखळू लागली. एमजीबीचं इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतं. मधले चार स्टड दोघांचे सामाईक आहेत. त्यांवर जाड, रुंद वॉशर असतात. वॉशरची एक कड इनटेकच्या फ्लँजला दाबते, दुसरी एक्झॉस्टच्या. आता एक फ्लँज जाड आणि दुसरा पातळ असेल तर काय होईल? वॉशर तिरका बसेल. जाड फ्लँज दाबला जाईल, पातळ मोकळा राहील. नट कितीही आवळा. माझ्या हेडरचा फ्लँज इनटेकपेक्षा जाड होता. त्यामुळे इनटेक सैल राहिलं, बाहेरची हवा चोरून आत शिरली, मिश्रण पातळ झालं आणि गाडी अडखळू लागली. मी मात्र महिनाभर कार्ब्युरेटरला शिव्या देत होतो.

म्हणून हेडर घेण्याआधी विक्रेत्याला फ्लँजची जाडी विचारा. उत्तर आलं नाही तर ते मागवू नका. घरी आल्यावर स्वतः व्हर्नियरने दोन्ही मोजा. फरक असला तर लेथवर पायरीचे वॉशर करून घ्या, पातळ बाजूला पायरी येईल असे. कोणी म्हणेल की जास्त आवळलं की बसतं. बसत नाही. मॅनिफोल्डच्या नटांना मॅन्युअलमध्ये १५ फूट-पौंड दिले आहेत, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. स्टेनलेस असेल तर आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. अर्धा मीटर नळी पाचशे अंशांनी तापली तर बीड साधारण अडीच मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस सव्वाचार. ती ओढाताण जोडांवर आणि पॅकिंगवर येते. म्हणून काही दिवस चालवून, गार झाल्यावर नट पुन्हा तपासा.

स्टिअरिंग डावीकडे असलेल्या अमेरिकन गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा मॅनिफोल्डच्या शेजारून जातो. तिथे हेडरच्या नळीची गाठ दांड्याशी पडते का, हे चाक दोन्हीकडे पुरतं वळवून बघा. भारतातल्या आणि इंग्लंडातल्या गाड्यांना ही भानगड नाही.

उष्णतेचा प्रश्न मात्र भारतातच जास्त. कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसतात, मधे एक पत्र्याची ढाल असते. हेडर बसवताना ही ढाल ‘अडते’ म्हणून काढून टाकणारे मिस्त्री आहेत. काढू देऊ नका. मे महिन्यात टोलनाक्यावर दहा मिनिटं उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडेल, आणि मागचे लोक हॉर्नने तुमचा उद्धार करतील. त्यात २०२५ पासून पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. ते गरम जागेत लवकर वाफाळतं, जुनं रबर खातं, आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी पातळ करतं. नळ्यांना गुंडाळायची पट्टी हा उपाय दिसायला झकास, पण ती दमट हवेत पाणी धरून ठेवते आणि आतल्या साध्या पोलादी नळ्या कुजवते. कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्यांनी तर तिच्या वाटेला जाऊ नये. खर्च करायचाच तर सिरॅमिक लेप द्या. तो बिडावरही देता येतो.

काहीही बदललं की एसयू पुन्हा लावून घ्या. इंजिन गरम करा आणि कार्ब्युरेटरचा पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरभरही नाही, वर उचला. वेग क्षणभर वाढून परत जागेवर आला तर मिश्रण बरोबर. वाढला आणि वाढलेलाच राहिला तर दाट. इंजिन मरगळलं तर पातळ. खालचा जेटचा नट थोडा खाली फिरवा. एकेक कार्ब्युरेटर वेगळा तपासा.

माझ्या गाडीवर आता पुन्हा बीड आहे. मोडीत निघालेल्या दुसऱ्या एमजीबीचं. मी विकलं त्याच्या कितीतरी पट किमतीला घेतलं. तुमच्याकडचं उतरवलेलं मॅनिफोल्ड तारेच्या ब्रशने साफ करा, तेलाचा हात मारा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि माळ्यावर टाका. कोणत्या गाडीचं, कधी काढलं, ते चिठ्ठीवर लिहून बांधा. आणि ते चार जाड वॉशर तारेत ओवून त्यालाच अडकवा. मॅनिफोल्ड शोधलं तर मिळतं, वॉशर मात्र हमखास हरवलेले असतात.